रात्रीचे ठोके: शरीराची वेळ ओळखणारी यंत्रे

१. घरोघरी निघणारा प्रश्न

पेसमेकर बसवून माणूस घरी आला की पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास निघतो: हे यंत्र झोपेतही दिवसासारखेच ठोके देत राहते का? भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या परिसरात त्याला आणखी फाटे फुटतात. रोवणीच्या दिवसांत बांधीत दिवसभर वाकून राबताना यंत्र पुरे पडेल का? दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर नाटक पाहत बसलो तर चालेल का? रानडुकरांपासून धान राखायला जागलीवर गेलो तर? अमेरिकेतल्या मुलाकडे जाऊन राहिलो तर?

हे प्रश्न भाबडे वाटतात, पण वैद्यकशास्त्रातल्या एका मोठ्या विषयाच्या मुळाशी तेच आहेत. माणसाचे शरीर चोवीस तास एकसारखे चालत नाही. मग त्यात बसवलेले यंत्र एकसारखे चालून कसे भागेल?

साकोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, पण पेसमेकर बसवायचा तर राष्ट्रीय महामार्ग ५३ ने सुमारे शंभर किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयेही आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पेसमेकरच्या शस्त्रक्रियेचा समावेश असल्याने हे यंत्र आता धानउत्पादक शेतकऱ्याच्या घरातही आले आहे. घरी जाताना रुग्णाला यंत्राचे कार्ड, जखमेची काळजी आणि पुढच्या तपासणीची तारीख मिळते. त्याचा दिवस कसा जातो आणि रात्र कशी जाते, ही गोष्ट मात्र यंत्रापर्यंत पोहोचतेच असे नाही. ती का पोहोचायला हवी, हेच या प्रकरणात पाहायचे आहे.

२. शरीराला वेळ कशी कळते?

आधी घड्याळ समजून घेऊ, यंत्राकडे नंतर वळू.

१७२९ साली झाँ-जाक द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक झाड सतत अंधारात ठेवले. ऊन दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत होती आणि रात्री मिटत होती. म्हणजे हा ताल बाहेरच्या उजेडातून येत नव्हता, झाडाच्या आतच होता.

हा ताल नेमका कुठे असतो, याचा धागा हाती यायला पुढे जवळजवळ अडीचशे वर्षे लागली. १९७१ मध्ये अमेरिकेत रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेन्झर यांनी फळमाशीतला एक जनुक शोधला. त्यात बिघाड झाला की माशीचे दिवसरात्रीचे वेळापत्रक कोलमडत असे. हा जनुक काम कसे करतो, ते जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांनी उलगडले. २०१७ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. आपल्याकडे अहमदनगर कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातील प्रयोगशाळेतही फळमाश्यांच्या दैनिक तालावर संशोधन झाले आहे.

या घड्याळाची रचना साधी आहे. जनुक एक प्रथिन तयार करायला लावतो. पेशीत ते प्रथिन पुरेसे साठले की तेच त्या जनुकाचे काम थांबवते. मग साठलेले प्रथिन हळूहळू विरते, जनुक मोकळा होतो आणि काम पुन्हा सुरू होते. एका फेरीला साधारण एक दिवस लागतो.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असे घड्याळ आहे. त्या सर्वांना एका वेळेवर ठेवणारे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या अगदी वर असते. त्यात सुमारे वीस हजार पेशी आहेत. माणसाच्या या घड्याळाची फेरी चोवीस तासांपेक्षा थोडी मोठी, सरासरीने दहा-बारा मिनिटांनी जास्त असते. सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला की ते रोज जागेवर येते.

३. हृदयाचा दिवस, हृदयाची रात्र

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. दर ठोक्याची विजेची लहर तिथून निघते, म्हणून त्याला हृदयाचा नैसर्गिक पेसमेकर म्हणतात. मेंदूकडून त्याच्याकडे दोन प्रकारचे मज्जातंतू येतात: एका प्रकाराने गती वाढते, दुसऱ्याने कमी होते. झोपेत गती कमी करणाऱ्या मज्जातंतूचा जोर वाढतो. दिवसा बसल्या जागी मिनिटाला ७० ठोके पडत असतील, तर गाढ झोपेत ते ५५ किंवा ५० पर्यंत उतरू शकतात. निरोगी माणसाचा रक्तदाबही रात्री साधारण १० ते २० टक्क्यांनी खाली येतो.

पहाटे हे चित्र पालटते. जाग येण्याच्या आधीपासून कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक वाढू लागते, मग नाडी आणि रक्तदाबही चढतात. उठून कामाला लागण्याची ती तयारी असते. या चढाला एक दुखरी बाजूही आहे. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळेत जास्त येतात, हे १९८५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले.

म्हणून हृदयाची योग्य गती किती, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. किती वाजले आहेत, माणूस झोपला आहे की जागा आणि काय करतो आहे, हे कळले तरच उत्तर देता येते.

४. पहिले यंत्र: एकच गती

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात शल्यचिकित्सक ओके सेनिंग यांनी अर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात जगातला पहिला पूर्णपणे आत बसणारा पेसमेकर बसवला. तो रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवला होता. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. लगेच दुसरे बसवावे लागले. लार्सन यांना आयुष्यभरात वीसहून अधिक पेसमेकर लागले आणि ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले.

त्या काळच्या यंत्रांना एकच काम येत असे: ठरलेल्या गतीने ठोके देणे. माणूस झोपो, चालो की जिना चढो, गती तीच. पुढे साठच्या दशकात हृदयाचा स्वतःचा ठोका ओळखून गरज नसेल तेव्हा गप्प राहणारी यंत्रे आली. तो मोठा टप्पा होता, पण गती अजूनही ठरलेलीच होती.

पुढची प्रगती समजायला आपल्याच भागातला पाणकर डोळ्यांसमोर आणू. भंडारा हा तलावांचा जिल्हा. इथल्या माजी मालगुजारी तलावांचे पाणी बांध्यांना वाटून देण्याचे काम पाणकर करत असे. समजा, त्याने दार एकदा अर्धे उघडून तसेच सोडले, तर पाऊस असो की ऊन, बांधीत पाणी एकाच मापाने येत राहील. ही पहिली तऱ्हा. त्याने अमुक वेळी दार उघडायचे आणि अमुक वेळी लावायचे असे ठरवले, तर ती दुसरी. आणि रोज धुऱ्यावरून फिरून धानाच्या बुडाशी किती पाणी आहे ते पाहून त्याने दार कमीजास्त केले, तर ती तिसरी. शरीरात बसवलेल्या यंत्रांच्याही याच तीन तऱ्हा आहेत: ठरलेली मात्रा, वेळेनुसार मात्रा आणि गरज पाहून मात्रा. आजच्या चांगल्या यंत्रात दुसरी आणि तिसरी एकत्र असतात.

५. दोन रुग्ण, दोन गरजा

पेसमेकर बसवलेल्या सगळ्यांचा आजार एकच नसतो. तो कोणता आहे, यावर रात्रीच्या ठोक्यांचे उत्तर ठरते.

पहिल्या प्रकारात नैसर्गिक पेसमेकर ठीक असतो, पण त्याची लहर वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नाही. वाटेतच अडते. अशा रुग्णाला दोन तारांचा पेसमेकर बसवला, तर एक तार वरच्या कप्प्याचा ठोका ऐकते आणि दुसरी त्याबरहुकूम खालच्या कप्प्याला ठोका देते. वरचा कप्पा अजूनही मेंदूचे ऐकत असतो. झोपेत तो मंदावतो आणि कामाला लागले की वेग घेतो. यंत्र फक्त त्याच्या मागे चालते. या रुग्णाचा दैनिक ताल बऱ्याच अंशी आपोआप टिकतो.

दुसऱ्या प्रकारात नैसर्गिक पेसमेकरच थकलेला असतो. मेंदू सांगतो, पण तो गती वाढवू शकत नाही. इथे मागे चालण्याजोगे काहीच उरत नाही. गती किती ठेवायची, ते यंत्रालाच ठरवावे लागते. पुढचे दोन भाग मुख्यतः या रुग्णांसाठी आहेत.

आपला प्रकार कोणता, हे रुग्णाला माहीत असायला हवे. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारण्याचा पहिला प्रश्न हाच.

६. हालचाल ओळखणारे यंत्र

१९८० च्या दशकात पेसमेकरमध्ये हालचाल टिपणारा सेन्सर आला. आधी त्यात दाब किंवा कंप पडला की वीज निर्माण करणारा छोटा स्फटिक असे. आता बहुतेक यंत्रांत वेगबदल मोजणारी चिप असते. मोबाइल आडवा केला की पडद्यावरचे चित्र फिरते, ते अशाच चिपमुळे. काही यंत्रे छातीतल्या विद्युत्-रोधातल्या बदलावरून श्वासाचा वेग मोजतात. माणूस चालू लागला की सेन्सरला ते कळते आणि गती समजा ६० वरून ९० वर जाते. थांबला की ती हळूहळू खाली येते.

या सेन्सरला मर्यादा आहेत आणि त्या शेतकरी माणसाने नीट समजून घ्याव्यात. त्याला शरीराचे हलणे कळते, शरीराचे कष्ट थेट कळत नाहीत. सपाट डांबरी रस्त्यावर सायकल चालवताना पायांना श्रम पडतात, पण छाती फारशी हलत नाही, म्हणून गती पुरेशी वाढत नाही. उलट खडबडीत वाटेने ट्रॅक्टरवर नुसते बसले तरी छातीला हादरे बसतात आणि गती विनाकारण वाढू शकते. रोवणीच्या वेळी कंबरेत वाकून हात चालतात, पावले मात्र थोडी थोडी पडतात. असे काम सेन्सरला खऱ्यापेक्षा हलके वाटू शकते.

यावर उपाय आहे. सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा, गती किती लवकर वाढवायची आणि कुठवर न्यायची, हे डॉक्टर बाहेरून बदलू शकतात. त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही. छातीवर एक उपकरण ठेवून ‘प्रोग्रामर’ नावाच्या संगणकावरून हे आकडे बदलता येतात. पण काम करताना दम लागतो, हे रुग्णाने सांगितले तरच डॉक्टर ते बदलतील.

७. घड्याळ ठेवणारे यंत्र

अनेक पेसमेकरांत झोपेची वेगळी गती ठरवण्याची सोय असते. झोपायची वेळ, उठायची वेळ आणि रात्रीची गती असे तीन आकडे भरायचे. काही यंत्रांत ठरलेली वेळ झाली की गती अर्ध्या तासात हळूहळू उतरते आणि सकाळी तशीच हळूहळू चढते. काही कंपन्यांची यंत्रे घड्याळाऐवजी हालचालीवरून विश्रांती ओळखतात. बराच वेळ शरीर निश्चल राहिले की ती गती कमी करतात.

एक सोपे उदाहरण करून पाहू. दिवसाची किमान गती ६० आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ५० ठेवली, तर दर मिनिटाला १० ठोके वाचतात. एका तासात ६००. आठ तासांत ४,८००. वर्षभरात सुमारे साडेसतरा लाख. प्रत्येक ठोका यंत्रच देत असेल, असे धरून हा हिशेब आहे. बॅटरीची बचत त्याच प्रमाणात होत नाही, कारण यंत्राच्या आतली देखरेख चोवीस तास चालूच असते. खरा लाभ वेगळा आहे: ज्या वेळी शरीराला विश्रांती हवी, त्या वेळी हृदयालाही ती मिळते.

आता मंडईकडे येऊ. रात्रीची गती ५० ठेवलेला माणूस झाडीपट्टीचे नाटक पाहत पहाटेपर्यंत बसला, तर यंत्राच्या दृष्टीने तो झोपलेला आहे. बसून पाहताना थोडी मरगळ जाणवू शकते. उठून चालू लागल्यावर सेन्सर चालू असेल तर गती वाढेल. एखाद्या रात्रीने सहसा बिघडत नाही. चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र डॉक्टरांना कळवायलाच हवे.

रोजची जागरणे वेगळी. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत, तिथे पाळीने काम चालते. शेतीपंपाची वीज आळीपाळीने रात्री येते, तेव्हा शेतकरी ओलितासाठी रात्री शेतात असतो. हंगामात जागल महिनोन्‌महिने चालते. अशा माणसाच्या यंत्रात दहा ते सहा ही झोपेची वेळ भरलेली असेल, तर यंत्र त्याच्या कामाच्या वेळी हात आखडते आणि झोपेच्या वेळी सैल सोडते. त्याच्यासाठी हालचालीवरून विश्रांती ओळखणारी पद्धत बरी, किंवा झोपेची गती बंदच ठेवलेली बरी.

परदेशप्रवासाचे गणितही असेच आहे. नागपूरची व्यक्ती उन्हाळ्यात न्यू जर्सीला गेली, तर तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. यंत्रातले घड्याळ नागपूरचीच वेळ धरून चालते. आपल्याकडचे रात्री दहा ते सकाळी सहा म्हणजे तिथले दुपारी साडेबारा ते रात्री साडेआठ. माणूस नातवंडांना घेऊन बागेत फिरत असतो आणि यंत्र रात्र समजून बसलेले असते. अनेक महिने राहायचे असेल, तर निघण्यापूर्वीच्या तपासणीत हे सांगावे.

किमान ६० हा आकडाही सगळ्यांसाठी पवित्र नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठातील डॉक्टरांनी ताठरलेल्या हृदयामुळे दम लागणाऱ्या काही पेसमेकर रुग्णांना ६० ऐवजी त्यांच्या शरीराला अनुसरून, साधारण ७५ च्या आसपासची, गती दिली. त्यांचे रोजचे जगणे सुधारले आणि हालचाल वाढली. एकासाठी कमी गती हितकर असते, दुसऱ्यासाठी जास्त. माणसागणिक माप ठरवावे लागते.

८. मेंदूतली यंत्रे: ऐकणारी आणि शिकणारी

हीच वाटचाल आता मेंदूच्या आजारांत दिसते.

अपस्मार म्हणजे फिट्स. काही रुग्णांच्या मानेतल्या मज्जातंतूला ठरावीक अंतराने सौम्य वीज देणारे यंत्र छातीत बसवतात. त्याच्या नव्या आवृत्त्यांत दिवसाची आणि रात्रीची मात्रा वेगळी ठेवता येते. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले दुसरे एक यंत्र कवटीच्या हाडात बसते, मेंदूतल्या लहरी सतत ऐकते आणि फिटची चाहूल लागली की लगेच वीज देते. असे यंत्र बसवलेल्या ३७ रुग्णांच्या नोंदी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. काहींच्या नोंदी तब्बल दहा वर्षांच्या होत्या. त्यांतून दिसले की फिट्सना दिवसरात्रीचा ताल तर असतोच, पण अनेकांत वीस ते तीस दिवसांचा लांब तालही असतो. फिट्स अवचित येतात, असे रुग्ण आणि घरचे मानत आले होते. त्यामागचा क्रम दिसला, तो यंत्र वर्षानुवर्षे ऐकत राहिले म्हणून.

कंपवातात मेंदूच्या खोल भागात तार बसवून वीज देण्याची शस्त्रक्रिया मुंबईच्या जसलोक रुग्णालयात अनेक वर्षे होत आहे. या यंत्रांची मात्रा आजवर ठरलेली असे. हालचाल ताठरते तेव्हा मेंदूच्या त्या भागात सेकंदाला १३ ते ३० वेळा येणाऱ्या लहरी जोर धरतात. त्या ऐकून वीज कमीजास्त करणाऱ्या यंत्राला अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, सर्वाधिक त्रास देणारे लक्षण जितका वेळ टिके, तो वेळ जवळजवळ निम्म्यावर आला होता.

इथेही रात्र आडवी येते. गाढ झोपेत या लहरी आपोआप मंदावतात. यंत्राला वाटते रुग्णाला आराम आहे, म्हणून ते वीज कमी करते. पण कंपवाताच्या रुग्णाला रात्री कूस बदलणेही अवघड जाते, तेव्हा आधार हवाच असतो. म्हणून यंत्राला केवळ लहर ओळखून चालत नाही. ती लहर झोपेतली की जागेपणातली, हेही त्याला ओळखावे लागते. डॉक्टर प्रत्येक रुग्णासाठी रात्रीची किमान मर्यादा वेगळी ठरवतात. पाणकराला पाण्याची पातळी दिसते, पण धान कोणत्या अवस्थेत आहे हे माहीत नसेल, तर तोही चुकेल.

९. डॉक्टरांना काय सांगावे?

यंत्र कितीही हुशार असले, तरी तुमचा दिवस कसा जातो याची पहिली माहिती तुमच्याकडूनच जायला हवी. तपासणीला जाताना या गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात, घरच्यांनी आठवण करून द्यावी:

झोपायची आणि उठायची रोजची खरी वेळ. बदलत असेल, तर कोणत्या महिन्यांत कशी बदलते.

रात्रीचे काम: पाळी, ओलित, जागल.

कष्टाचे काम कोणते आणि ते करताना दम किंवा थकवा नेमका कधी येतो. सायकल आणि ट्रॅक्टर यांचा उल्लेख आवर्जून करावा.

झोपेतून दचकून जाग येणे, सकाळी उठताना चक्कर येणे, दुपारी विनाकारण धडधडणे आणि त्याची वेळ.

लांबचा प्रवास ठरला असेल, तर ठिकाण आणि मुक्काम.

आणि तीन प्रश्न विचारावेत. माझ्या आजाराचा प्रकार कोणता? हालचालीचा सेन्सर चालू आहे का? झोपेची गती लावली आहे का, लावली असेल तर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? याची उत्तरे यंत्राच्या कार्डाबरोबर जपून ठेवावीत. स्वतःहून कोणतेही औषध कमीजास्त करू नये आणि नियमित तपासणी चुकवू नये, कारण यंत्राने टिपलेली नाडीची नोंद डॉक्टरांना तिथे वाचता येते.

नागपूरच्या बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते, डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. तरीही ही माहिती सांगायला दोन मिनिटे पुरतात आणि आकडे बदलायला आणखी थोडा वेळ लागतो. तेवढ्यात शहरातल्या नोकरदाराच्या झोपेवर बेतलेले यंत्र साकोलीच्या शेतकऱ्याच्या दिवसाला जुळू शकते. यंत्रावर झालेल्या खर्चाचे पूर्ण मोल त्यातच आहे, आणि ते मागून घेण्याचा प्रत्येक रुग्णाला हक्क आहे.